पारपटल रोपणाचे गुरू : व्लादिमीर फिलातोव

डोळ्यात फूल पडले, म्हणजेच पुढचे पारदर्शक पारपटल (कॉर्निया) पांढरे झाले, की मागचा सारा डोळा निरोगी असूनही माणसाची दृष्टी जाते. निकामी पारपटल काढून तेथे दुसऱ्याचे बसविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये ओलोमोउत्स येथे केली. तरीही पुढे कित्येक वर्षे ती मोजक्याच हातांची किमया राहिली. ती सर्वसामान्य नेत्रशल्यचिकित्सकाच्या आवाक्यात यावी, यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत व्लादिमीर फिलातोव यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

फिलातोव यांचा जन्म १८७५ मध्ये रशियातील पेन्झा प्रांतात डॉक्टरांच्या घराण्यात झाला. १८९७ मध्ये मॉस्को विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून ते १९०३ मध्ये ओडेसाला आले आणि १९११ मध्ये तेथील विद्यापीठाच्या नेत्र चिकित्सालयाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी केलेले पहिले पारपटल रोपण अयशस्वी ठरले. मात्र त्यांनी तो नाद सोडला नाही.

मुख्य अडचण होती ती पारपटल मिळविण्याची. आजारामुळे काढाव्या लागलेल्या जिवंत माणसाच्या डोळ्यांवरच तेव्हा भिस्त असे आणि असे डोळे मिळणार तरी किती? मृत व्यक्तीचे डोळे शीत तापमानात जपून ठेवल्यास त्यांतील पारपटल रोपणासाठी वापरता येते, हे फिलातोव यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. नेत्रपेढीच्या कल्पनेला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

दुसरी अडचण कौशल्याची होती. पारपटलाची गोल चकती कापताना पाते थोडे जरी खोल गेले, तरी मागच्या भिंगाला इजा होई. त्यासाठी त्यांनी मार्त्सिन्कोव्स्की यांच्या साह्याने भिंगाचे रक्षण करणारे ट्रेफाइन तयार केले. आपल्या हाताला साधलेली गोष्ट इतरांच्याही हाताला साधावी, हा त्यामागील हेतू होता. १९३६ मध्ये ओडेसात त्यांच्या नेतृत्वाखाली नेत्रसंस्था उभी राहिली आणि ती संशोधनाबरोबरच प्रशिक्षणाचेही केंद्र बनली. युद्धामुळे १९४१ मध्ये ओडेसा सोडावे लागले, तेव्हा ताश्कंद येथे त्यांनी जखमी सैनिकांच्या डोळ्यांवर उपचार सुरू ठेवले. त्याच वर्षी त्यांना स्टालिन पुरस्कार मिळाला. चित्रकला आणि काव्य यांतही ते रमत. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. ओडेसाची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्यांचे सारेच विचार काळाच्या कसोटीवर टिकले नाहीत. शीत तापमानात ठेवलेल्या ऊतकांनी अनेक रोग बरे होतात, हा त्यांचा सिद्धान्त आधुनिक वैद्यकाने स्वीकारलेला नाही. गुरू कितीही थोर असला, तरी त्याचे म्हणणे पारखूनच घ्यावे लागते.

पारपटलाची फेलोशिप निवडणाऱ्या तरुण नेत्रतज्ज्ञांना या चरित्रातून एक मोजपट्टी मिळते. संस्थेचे नाव मोठे असणे पुरेसे नाही. तेथे शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताने किती शस्त्रक्रिया करता येतात, नेत्रपेढीचे काम जवळून पाहता येते काय, रोपण शरीराने नाकारले तर तो रुग्ण पुढे कोण सांभाळतो, हे विचारायलाच हवे. गुरूच्या शेजारी उभे राहून पाहिलेली शस्त्रक्रिया आपल्या गावच्या रुग्णाला दृष्टी देत नाही; ती हाताला साधावी लागते.