डॉ. कमलाबाई सोहोनी

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके. नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोचले, तेथे उसाचे मळे उभे राहिले. परंतु या कोरड्या मुलखाचे जुने धान्य म्हणजे ज्वारी. पूर्वी ही ज्वारी पेवात साठवीत असत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद व आत ऐसपैस असा खड्डा. त्यात धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकीत. पुढे पेव उघडण्याची वेळ आली, की जाणते लोक एक काळजी अवश्य घेत. पेव उघडल्याबरोबर कोणालाही आत उतरू देत नसत. पुष्कळ वेळ हवा खेळू दिल्यावर ते आत कंदील सोडून पाहत. कंदील विझला, तर आत जाणाऱ्याचा जीव गुदमरणार हे निश्चित. उतावीळपणाने आत उतरलेल्या माणसांनी प्राण गमावल्याची उदाहरणे आहेत.

बंद खड्ड्यातील हवा कोणी वापरली? ती ज्वारीच्या दाण्यांनीच वापरली. वाळलेला दाणा निर्जीव दिसतो; परंतु पेरल्यावर तो उगवतो, याचाच अर्थ तो जिवंत असतो. जिवंत आहे म्हणून तो श्वासोच्छ्वासही करतो. तो हवेतील प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. दाण्याला नाक नाही, फुप्फुसे नाहीत. मग त्याचा श्वास चालतो कोठे? तो चालतो त्याच्या पेशींत.

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे दिसली. ती घरे रिकामी होती, कारण बूच मेलेल्या पेशींचे असते. जिवंत पेशी मात्र गजबजलेली असते. तिच्याभोवती पातळ पटल असते. वनस्पतींच्या पेशीला त्याबाहेर आणखी एक बळकट भिंत असते. आत दाटसर पेशीद्रव्य, त्यात पेशीचा सारा कारभार चालविणारे केंद्रक, आणि अतिशय सूक्ष्म अशा तंतुकणिका असतात. या तंतुकणिकांत अन्नाचा प्राणवायूशी संयोग घडून येतो व जगण्यास लागणारी शक्ती मोकळी होते. चुलीत लाकूड भडकून जळते, तसे येथे होत नाही. येथे ते ज्वलन पायरीपायरीने, मंदपणे आणि ज्योतीवाचून चालते.

वनस्पतींच्या पेशींतील या मंद ज्वलनाचा अभ्यास करून कीर्ती मिळविणाऱ्या शास्त्रज्ञांत एक महाराष्ट्रकन्या होती. तिचे नाव कमला भागवत. विवाहानंतर त्या कमलाबाई सोहोनी या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. घरात विद्येचे वारे होते. मुलींनी शिकू नये असे तेथे कोणी मानीत नसे. १९३३ साली कमलाबाई रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. वडिलांच्या व चुलत्यांच्याच संस्थेत आपणही संशोधन करावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी बंगळूरला अर्ज पाठविला.

अर्ज नाकारण्यात आला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंचावली होती. त्यांची विद्वत्ता अलौकिक होती. परंतु प्रयोगशाळेत स्त्रीला स्थान नाही, असे त्यांचे मत होते. कमलाबाईंचे गुण कमी पडले नव्हते. त्या स्त्री आहेत एवढेच कारण होते.

कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि त्यांनी या नकाराचे कारण विचारले. गांधीजींच्या सत्याग्रहांचा तो काळ होता. प्रवेश मिळेपर्यंत येथून हलावयाचे नाही असा निर्धार करून त्यांनी संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह आरंभिला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला. पण तो अटी घालून. पहिले वर्षभर त्यांची नियमित विद्यार्थ्यांत गणना व्हावयाची नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करणे त्यांना बंधनकारक होते. त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. तो अपमान मात्र त्या कधीच विसरल्या नाहीत आणि उतारवयातही त्याविषयी त्यांनी उघडपणे सांगितले. थोर माणसाचा अन्यायही अन्यायच असतो, हे त्या जाणून होत्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला, आणि त्यांच्या मागून इतर मुलींनाही तेथील द्वार उघडले. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

यानंतर त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या. तेथे डेव्हिड कीलिन या शास्त्रज्ञाने १९२५ साली पेशीतील एका रंगीत द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या द्रव्यास त्याने सायटोक्रोम, म्हणजे पेशीतील रंग, असे नाव दिले होते. या द्रव्यात लोह असते. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण ते पुढे पुढे देते, आणि शेवटी ते कण प्राणवायूपर्यंत पोचतात. विहिरीवर आग विझविण्यासाठी रांग धरून माणसे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती घागर देतात, तसाच हा प्रकार होय.

डॉ. रॉबिन हिल हे वनस्पतींवर काम करीत होते. त्यांच्याबरोबर कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. पानांतील हिरव्या रंगामुळे सायटोक्रोमच्या फिकट खुणा झाकून जातात. बटाट्याच्या गरात तो हिरवा रंग नसतो. वनस्पतीच्या पेशीपेशीत सायटोक्रोम सी असते आणि तेथील मंद ज्वलनात ते भाग घेते, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. स्वयंपाकघराच्या टोपलीत पडलेला बटाटा आणि तो चिरणारी गृहिणी यांच्या पेशी एकाच जातीच्या साधनाने श्वास घेतात, हे केवढे आश्चर्य! १९३९ साली, केंब्रिजला आल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी आपला प्रबंध सादर केला. तो सुमारे चाळीस पानांचाच होता. जाडजूड ग्रंथ लिहूनच पांडित्य सिद्ध होते असे नाही. विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत कमलाबाईंची गणना होते.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काही वर्षे काम केल्यावर १९४७ साली त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकविले. या काळात त्यांचे लक्ष गोरगरिबांच्या अन्नाकडे वळले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. बारामती-इंदापूरच्या मुलांना नीरा म्हटले की नदीच आठवेल. ही नीरा म्हणजे ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाचा ताजा, गोड रस. तो तसाच ठेवला, तर यीस्टच्या पेशी त्यातील साखरेची दारू करतात आणि नीरेची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे कमलाबाईंना आढळले. आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना योग्यता असूनही सुमारे चार वर्षे उशिरा लाभले. बंगळूरच्या दारात भेटलेली अडचण अद्याप पुरती सरली नव्हती. १९६६ साली मुंबईत ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापक स्त्रियांतही कमलाबाई होत्या.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.