हिंगोलीतील ‘लायगो’चे मूळ कुठे? प्रकाशाची ‘फेज’ डोळ्यांनी मोजणारे मायकेलसन कोण होते?

छत्रपती संभाजीनगर : आपल्याच विभागात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होणार आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या रचनेचे मूळ १८८१ च्या एका प्रयोगात आहे. तो करणारे अल्बर्ट मायकेलसन तेव्हा अमेरिकी नौदलात होते.

जन्म १८५२, आजच्या पोलंडमध्ये. आई-वडिलांसोबत लहानपणीच अमेरिकेला गेले आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत वाढले.

अडचण काय होती?

प्रकाशाची लहर चढावर आहे की उतारावर, हे सांगते ती फेज. पण डिटेक्टरला फक्त उजेड कमी-जास्त झालेला कळतो, फेज थेट दिसत नाही. मायकेलसन यांनी एकच किरण दोन काटकोनी वाटांनी पाठवला आणि आरशांवरून परत आणून एकत्र केला. चढावर चढ आला की उजेड, चढावर उतार आला की अंधार. फेजमधला फरक पट्ट्यांच्या रूपाने दिसू लागला.

त्यांना शोधायचा होता ‘ईथर’, म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असे मानले जाई ते माध्यम. बर्लिनमध्ये रस्त्यावरच्या वर्दळीनेच पट्ट्या थरथरत, म्हणून उपकरण पॉट्सडॅमला हलवावे लागले. १८८७ मध्ये क्लीव्हलँडला एडवर्ड मॉर्ले यांच्यासह त्यांनी दगडी फरशी पाऱ्यावर तरंगवली. ती हळूहळू फिरे आणि निरीक्षक तिच्यासोबत चालत १६ ठिकाणी नोंदी घेई. डिटेक्टर कोणता, तर माणसाचा डोळा!

पट्टी ०.४ सरकायला हवी होती. ती त्याच्या विसाव्या भागाइतकीही सरकली नाही. दोष उपकरणाचा म्हणता आला असता. पण उपकरण किती चुकू शकते हे आधीच तपासलेले असल्याने या ‘शून्या’ला किंमत आली. ईथर डळमळला. १९०७ मध्ये मायकेलसन यांना नोबेल मिळाले.

आज काय बदलले?

आता डिटेक्टर फोटॉन टिपतात. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात, म्हणून मोजणी हलते. ती स्थिर करायला अमेरिकेतील लायगो ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरते. मात्र वाटेत किंवा डिटेक्टरमध्ये फोटॉन हरवले, की तो फायदा घटतो. म्हणजे डिटेक्टरची उणीव इथेही मोजावीच लागते.

मायकेलसन १९३१ मध्ये वारले. तेव्हा हवा काढलेल्या, सुमारे मैलभर लांब नळीतून प्रकाशाचा वेग मोजणे सुरू होते. सहकाऱ्यांनी काम पूर्ण केले. आजच्या मान्य आकड्यापेक्षा तो वेग सेकंदाला सुमारे १८ किलोमीटरने कमी भरला.