डॉक्टर ओसामु तेझुका आणि त्यांचा मोडलेला स्टुडिओ



गेल्या हनुकाला नातवाने एक जाडजूड चित्रकथेचं पुस्तक हातात ठेवलं. वर नाव होतं ‘अडॉल्फ’. ते नाव बघूनच मी पुस्तक बाजूला सारलं. दोन दिवसांनी उघडलं, तर आत जपानातलं कोबे शहर आणि तिथल्या यहुदी बेकरीवाल्याचा मुलगा! त्याचं नाव अडॉल्फ, त्याच्या जर्मन-जपानी मित्राचंही नाव अडॉल्फ, आणि तिसरा अडॉल्फ कोण ते सांगायला नको. १९४०-४१ साली लिथुआनियातून जपानी वकील सुगिहारा यांनी दिलेल्या व्हिसावर हजारो यहुदी कोबेला पोचले होते, तिथल्या आपल्या लोकांनी त्यांची सोय केली होती, हे काही वाचकांना ठाऊक असेल. पण एका जपानी माणसाने आपल्यावर एवढं मोठं पुस्तक चितारावं, हे मला नवीन होतं. कोण हा माणूस म्हणून बघायला गेले, तर निघाला डॉक्टर. मग काय, मला राहवलं नाही.

ओसामु तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाका गावचा. लहानपण ताकाराझुकात गेलं. तिथून कोबे जवळच. घरी वडिलांचा छोटा प्रोजेक्टर होता, त्यावर डिस्नेची कार्टून बघत हा मुलगा वाढला. दुसरा नाद किड्यांचा, इतका की आपल्या नावाच्या लिखाणात त्याने किडा या अर्थाचं अक्षर घातलं. जपानीत किड्याला म्हणतात मुशी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्धात शाळकरी मुलांना कारखान्यात जुंपलं होतं. ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा हा कारखान्याच्या टेहळणीच्या मनोऱ्यावर होता, थोडक्यात वाचला. त्याआधी दोन्ही हातांना त्वचेचा असा आजार झाला होता की हात जातात की काय अशी वेळ आली. डॉक्टरांनी हात वाचवले, तेव्हा आपणही डॉक्टर व्हायचं असं त्याने ठरवलं. आणि १९४५ च्या एप्रिलात, पडक्या ओसाकात, एका थिएटरात नौदलाने काढवलेली ‘मोमोतारो’ची लांबलचक कार्टून फिल्म बघून तो रडला, आणि असं काहीतरी आपणही करायचं हेही तेव्हाच ठरवलं. आता एका माणसाने दोन गोष्टी ठरवल्यावर काय व्हायचं? ओसाका विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाच त्यांची चित्रकथा, जपानी लोक जिला मांगा म्हणतात ती, गाजायला लागली. १९५२ ला डॉक्टरकीची सरकारी परीक्षा पास झाले, १९६१ ला पाण्यातल्या गोगलगायीच्या शुक्रपेशींवर डॉक्टरेट मिळवली, पण पेशंट तपासत बसले नाहीत.

आता स्टुडिओची गोष्ट. त्या काळी जपानात कार्टून फिल्म करणाऱ्यांच्या लहान लहान कंपन्या असत. त्यातली निचिदो नावाची कंपनी १९५६ साली तोएई या मोठ्या सिनेमा कंपनीने विकत घेतली. पाटी बदलली, नवी इमारत आली, पैसा आला, आणि १९५८ ला जपानची पहिली रंगीत लांब कार्टून फिल्म तिथून बाहेर पडली. विकल्याने सगळं बुडतंच असं नाही, हे मी मुद्दाम सांगते. तेझुकांच्या एका चित्रकथेवर तोएईने १९६० साली फिल्म केली, तेव्हा तेही त्यात काम करत होते. पण मोठ्या कंपनीत दहा जणांच्या मताने काम चालतं, आणि या माणसाला स्वतःचं मत एकट्याचं हवं होतं. त्यांनी तोक्योत नेरिमा भागात आपल्या घराच्या आवारातच स्टुडिओ उभारला, नाव ठेवलं मुशी प्रॉडक्शन. रिनतारोसारखे काही तरुण तोएई सोडून तिथे आले.

आपल्या पिढीला हे समजायला जड नाही. शांतारामबापू १९४२ ला प्रभात सोडून गेले, राजकमल उभं राहिलं, आणि प्रभातची पुढे काय गत झाली ते आपण ऐकलेलं आहे. माणूस उठून गेला की स्टुडिओ अर्धा त्याच्याबरोबर जातो.

१ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर त्यांचा ‘अ‍ॅटम’ सुरू झाला. यंत्राचा मुलगा, अमेरिकेत तोच अ‍ॅस्ट्रो बॉय झाला. दर आठवड्याला अर्धा तास! फिल्ममध्ये सेकंदाला चोवीस चौकटी जातात. एवढी चित्रं आठवड्यात कोण काढणार? म्हणून एकच चित्र तीन चौकटी चालवायचं, माणूस स्थिर ठेवून तोंडच हलवायचं, एकदा काढलेलं चित्र जपून ठेवून पुन्हा वापरायचं. आपण नाही का कालच्या भाताचा आज फोडणीचा भात करतो, तसं. मालिका तुफान चालली, १९३ भाग झाले.

पण एक चूक झाली, आणि ती साधीसुधी नाही. दुसऱ्या कुणी या धंद्यात उतरू नये म्हणून तेझुकांनी टीव्हीला भाग खर्चापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिला. तूट भरायची आपल्या मांगाच्या कमाईतून, चॉकलेटबरोबर येणाऱ्या अ‍ॅटमच्या चित्रांच्या हक्कातून आणि अमेरिकेच्या एनबीसीच्या पैशातून. दुसरे उतरायचे ते उतरलेच, आणि त्यांनाही टीव्हीवाल्यांनी हाच भाव दाखवला. चित्रं काढणाऱ्या मुलामुलींनी रात्री जागवल्या. तेझुका वारल्यावर हायाओ मियाझाकी यांनी या स्वस्ताईबद्दल त्यांना उघड दोष दिला. तो दोष मला पटतो. तेझुका स्वतःही झोपत नसत हे खरं, पण मालक जागतो म्हणून नोकराची झोप भरून निघत नाही. मी ज्या खाजगी हॉस्पिटलात काही वर्षं काम केलं (नाव सांगत नाही), तिथले सर्जन देवमाणूस होते, फी घेत नसत, आणि आमचे पगार दोन-दोन महिने अडकत.

मुशीत चारशेच्या वर माणसं झाली. हक्कांचा धंदा बघायला वेगळी कंपनी काढली, मासिक काढलं, मोठ्यांसाठी ‘सहस्र रजनी’ आणि ‘क्लिओपात्रा’ असे सिनेमे काढले. कर्ज वाढलं, युनियनशी ताणाताणी झाली. १९७१ ला तेझुका अध्यक्षपदावरून दूर झाले. मग गळती लागली. १९७२ ला एक गट बाहेर पडून सनराइज झाला, दुसरा गट, त्यात मासाओ मारुयामा, देझाकी, रिनतारो, कावाजिरी, बाहेर पडून मॅडहाउस झाला. सनराइजवाले बहुतेक हिशेबाची, व्यवस्थापनाची माणसं. कलाकाराच्या हाती तिजोरी द्यायची नाही हा धडा ते मुशीतून घेऊन गेले होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुशीचं दिवाळं निघालं.

त्याच महिन्यात एका साप्ताहिकात तेझुकांची नवी मांगा सुरू झाली, ‘ब्लॅक जॅक’. लायसन नसलेला, चेहऱ्यावर व्रण असलेला सर्जन. या माणसाचं आता संपलं असंच सगळे धरून चालले होते, आणि ती मांगा वर्षानुवर्षं चालली. शिकलेली डॉक्टरकी शेवटी तिथे कामी आली. मला विचाराल तर अ‍ॅटमपेक्षा मला हीच जास्त आवडली. ऑपरेशन रंगवून दाखवलंय, पण पेशंटची भीती अगदी खरी आहे. ‘अडॉल्फ’ त्यानंतरचं, १९८३ ते १९८५ मधलं.

तेझुका ९ फेब्रुवारी १९८९ ला पोटाच्या कॅन्सरने गेले, वय साठ. त्या वेळच्या जपानी रिवाजाप्रमाणे त्यांना कॅन्सर आहे हे सांगितलं नव्हतं. आमच्या वॉर्डातही तेव्हा हेच चाले, नातेवाईक दाराबाहेर डोळे पुसून आत यायचे. पण डॉक्टर असलेल्या पेशंटपासून काय लपणार? पलंगावर ते चित्रं काढत राहिले आणि तीन कथा अर्ध्या राहिल्या.

त्यांच्या माणसांचे स्टुडिओ पुढे मोठे झाले, आणि मोठे झाले तसे विकलेही गेले. सनराइजची यंत्रमानवांची ‘गंडम’ १९७९ ला आली, तिची खेळणी बनवणाऱ्या बांदाईने १९९४ ला स्टुडिओच ताब्यात घेतला. पैसा सुरक्षित झाला, पण खेळणी कोणती खपतील हे आता घरातच ठरू लागलं. मॅडहाउस २०११ मध्ये निप्पॉन टीव्हीकडे गेलं. मुशीचं नाव जुन्या युनियनच्या लोकांनी १९७७ साली नवी कंपनी काढून जिवंत ठेवलं, ती नेरिमात आजही आहे. आणि तेझुकांकडे उमेदवारी केलेले मारुयामा, मॅडहाउस टीव्हीवाल्यांकडे गेलं त्याच वर्षी, सत्तरीला टेकलेले असताना, तिथून निघाले आणि त्यांनी मॅप्पा नावाचा स्टुडिओ काढला. पाच वर्षांनी तोही दुसऱ्यांच्या हाती सोपवून त्यांनी आणखी एक नवा स्टुडिओ काढला.