लीलावतीच्या बाबांची गणितं

मैत्रिणींनो, मे महिना लागला की घरोघरी एकच रड असते. पोरं मोबाईल सोडत नाहीत, नाहीतर टीव्हीसमोरून हलत नाहीत. पेपरात छंदवर्गांच्या, शिबिरांच्या जाहिराती येतात, पण त्या सगळ्या मोठ्या शहरातल्या. केज, धारूर, वडवणीच्या आईने काय करायचं? म्हणून आज मी तुम्हाला एका फार जुन्या बाबांकडे घेऊन जाणार आहे. त्यांना जाऊन आठशे वर्षं उलटली, पण त्यांनी घातलेली कोडी आजही स्वयंपाकघरात मांडता येतात. सामान म्हणाल तर मूठभर चिंचोके, खराट्याच्या चार काड्या आणि सहा वाट्या.

हे बाबा म्हणजे भास्कराचार्य. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेलं नाव! त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. आपलं गाव विज्जलवीड, सह्याद्रीच्या पायथ्याचं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आता हे विज्जलवीड नेमकं कुठलं यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, कुणी विजापूर, तर कुणी आपलं बीड. मी पडले बीड जिल्ह्याची सून, मला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. पण खरं बोलायचं तर पाटणची बाजू जड आहे. तिथे दगडावर कोरलेला पुरावा आहे.

त्या पुराव्यातून या घराची गोष्ट कळते आणि मला ती फार आवडते. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर. तेच त्यांचे गुरू. गणित आणि ज्योतिष बापाकडूनच मुलाकडे आलं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा मोठा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पुढे ११८३ साली, सत्तरीला टेकलेले असताना, करणकुतूहल नावाचा आणखी एक ग्रंथ लिहिला. मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारात मान मिळवून होता. नातू चांगदेव यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी झाला. (मुक्ताबाईंचे शिष्य ते चांगदेव वेगळे हं.) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. त्याचाच १२०७ चा शिलालेख आहे. त्यात कितीतरी पिढ्यांची नावं आहेत. सगळे बाप आणि मुलगे. लीलावती मात्र त्यात नाही.

मग लीलावती कोण? आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत संसारसुख नव्हतं. बाबांनी एक मुहूर्त शोधून काढला, तो साधला तरच लग्न टिकणार होतं. वेळ मोजायला घटिकापात्र ठेवलं. म्हणजे तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं झाली. नवरीचा वेष घातलेली लीलावती कौतुकाने वाकून बघायला गेली आणि तिच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडला. भोक बुजलं, वाटी बुडेना, मुहूर्त टळला. मुलीच्या दुःखावर फुंकर म्हणून बाबांनी तिच्या नावाचं गणिताचं पुस्तक लिहिलं.

गोष्ट गोड आहे, पण ती भास्कराचार्यांनी कुठेच लिहिलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. म्हणजे मूळ पुस्तकानंतर चारशे वर्षांहून जास्त काळाने. पुस्तकात ते कधी मित्राला हाक मारून गणित घालतात, कधी व्यापाऱ्याला, आणि मधूनच एका मुलीला. ती लेक होती, बायको होती की शिष्या, यावर अजून वाद चालतो.

मला विचाराल तर मोती पडो न पडो, मुलीला हाक मारून गणित घातलंय ही गोष्ट मोठी आहे. आणि त्या दंतकथेत एक बोचरी गोष्टही आहे. लग्न मोडलं म्हणून गणित! लग्न झालं असतं तर? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जुना झालेला नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते निघाले की कितीतरी पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला आईबापासोबत फडावर जातात. परत येतात तेव्हा वर्गातली गणितं फार पुढे गेलेली असतात. मग शाळा सुटते आणि वय पुरं व्हायच्या आत मुहूर्त निघतो. माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलीला घरच्यांनी नववीतच सांगून टाकलं होतं, की पोळ्या लाटायला गणित लागत नाही. आणि गंमत बघा, लीलावतीतली निम्मी गणितं घरातल्याच गोष्टींची आहेत.

आधी ते घटिकापात्रच करून बघा. नारळाची करवंटी घ्या, तिच्या डोळ्याला दाभणाने बारीक भोक पाडा आणि बादलीतल्या पाण्यावर सोडा. किती मिनिटांत बुडते ते पोरांना घड्याळ लावून मोजू द्या. मग आत साबुदाण्याचा एक दाणा टाकून परत सोडा. दाणा भोकावर बसला तर मोत्याची अख्खी गोष्ट डोळ्यांसमोर घडते.

लहानग्यांसाठी भुंग्यांचं कोडं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या एका फुलावर. या दोन हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडावर गेले. एक बिचारा केवडा आणि मालतीच्या वासांत गोंधळून मधेच घिरट्या घालत राहिला. भुंगे एकूण किती? उत्तर आहे पंधरा. पण ते सांगू नका. चिंचोके देऊन बसवा. पोरं आधी दहा घेतील, मग वीस घेतील, भांडतील. पंधरावर आले की तीन, पाच आणि सहा असे ढीग पडतात आणि एक चिंचोका हातात उरतो. अपूर्णांकाची भीती अशी जाते.

सहा वाट्या कशाला ते आता सांगते. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस. त्यातले एक, दोन, तीन असे घेत गेलं तर किती चवी होतील, असं एक गणित लीलावतीत आहे. वाट्यांत गूळ, चिंच, मीठ, मिरची, मेथ्या आणि डाळिंबाच्या सालीची पूड ठेवा. एकेकटे सहा. दोन-दोन घेतले तर पंधरा जोड्या, तीन-तीनचे वीस मेळ, चारचे पुन्हा पंधरा, पाचचे सहा आणि सगळे मिळून एक. बेरीज त्रेसष्ट. जोड्या मुलांनी कागदावर लिहायच्या आणि थोड्या चाखायच्या. मेथ्या-डाळिंबसालीची जोडी कुणाच्या वाट्याला येते यावरून हसून पुरेवाट होते. चार वेळा चिमूटभर चाखलं की थांबवा मात्र, नाहीतर रात्री पोट धरून बसतील.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्यासाठीही एक आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. अदलाबदल करून किती मूर्ती होतील? चोवीस. संध्येतली केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं आजोबा घेतात, त्या चोवीस मूर्तींचा फरक याच अदलाबदलीचा. नातवाने चार चिठ्ठ्या मांडायच्या आणि आजोबांनी नावं सांगायची. शंकराच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंचं उत्तर मात्र छत्तीस लाखांवर जातं, ३६,२८,८०० इतकं. ते मांडायच्या भानगडीत पडू नका. गुणाकार करू द्या.

हात मोजायचा खेळ तर दोन मिनिटांचा. लीलावतीत आठ जवांचं एक अंगुळ आणि चोवीस अंगुळांचा एक हात, असं माप दिलंय. मुलांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत स्वतःची बोटं आडवी ठेवून मोजावं. जवळपास चोवीसच भरतात, बाळाची आणि बाबांचीही.

मोठ्या मुलीसाठी बांबूचं गणित ठेवा. बत्तीस हात उंच बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? खराट्याची काडी बत्तीस सेंटिमीटरची कापा. जमिनीवर सोळा सेंटिमीटरची खूण करा. काडी कुठे वाकवली की खालचा तुकडा ताठ उभा राहून शेंडा बरोबर खुणेवर येतो, ते तिला शोधू द्या. दोन-तीन काड्या वाया जातील. बारावर वाकवली की जमतं. बारा उभी, सोळा जमीन, वीस तिरकी.