एकाच सफेतील बंधुभाव : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

आज रमजान ईद. महिनाभराच्या रोज्यांची सांगता करून मुस्लिम बांधव नमाजासाठी खांद्याला खांदा लावून सफेत, म्हणजे रांगेत, उभे राहतील. तलावासाठी आणि गोड बोरांसाठी साऱ्या खानदेशाला परिचित असलेल्या मेहरूणमध्येही आज घरोघरी शिरखुर्म्याचा दरवळ असेल. परंतु नमाज संपताच ही सफ विस्कटते आणि पंथोपपंथांची कुंपणे पुन्हा दिसू लागतात. चंद्रदर्शनावर अवलंबून नसलेल्या पंचांगामुळे दाऊदी बोहरा बांधवांची ईद तर बहुधा एक-दोन दिवस आधीच झालेली असते. अशा या दिवशी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या जीवनकार्याचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वडील तय्यब अली हे मूळचे खंबायतचे व्यापारी. घराणे सुलेमानी बोहरा, म्हणजे अल्पसंख्याकांतही अल्पसंख्य अशा पंथाचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूच्या वारसाहक्कावरून बोहरा समाजात दाऊदी आणि सुलेमानी असे दोन भाग पडले होते. मदरशातील आणि एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षणानंतर बद्रुद्दीन विलायतेस गेले. मध्यंतरी डोळ्यांच्या विकाराने त्यांना परतावे लागले. तरीही 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून त्यांनी वकिलीस आरंभ केला.

त्या काळची मुस्लिम मुंबई एकसंध नव्हती. कोकणी मुसलमान शाफई, मेमन हनफी, खोजे आणि बोहरे इस्माइली, तर इराणी इस्ना अशरी. प्रत्येकाची जमात निराळी, भाषाही पुष्कळदा निराळी. खोजा समाजातील वाद तर 1866 मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पोहोचला होता. अशा परिस्थितीत 1874 मध्ये बद्रुद्दीन, त्यांचे ज्येष्ठ बंधू कमरुद्दीन आणि कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा मोहम्मद अली रोगे आदींनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापिली. ती कोणा एका जमातीची नव्हे, सर्व मुसलमानांची होती. 1880 मध्ये तिची शाळा सुरू झाली आणि 1893 मध्ये बोरीबंदरासमोर तिची भव्य वास्तू उभी राहिली. ती वास्तू आजही तेथे आहे.

या कार्यातील मर्म आम्हांस असे दिसते की, तय्यबजींनी कोणासही आपला पंथ सोडावयास सांगितले नाही. ते स्वतः सुलेमानीच राहिले. इमामतीचा वाद मिटविण्याच्या भरीस ते पडले नाहीत. ज्या कामाविषयी वाद नव्हता, ते काम त्यांनी सर्वांच्या हाती दिले. मुलांचे अज्ञान हे ते काम होते.

हीच दृष्टी त्यांनी राष्ट्रकार्यात ठेवली. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. हिंदू अथवा मुस्लिम प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल तो विषय चर्चेस घेऊ नये, हा नियम पुढील वर्षी काँग्रेसने स्वीकारला, तो त्यांच्याच आग्रहामुळे. सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला, परंतु मुस्लिम शिक्षणाच्या कार्यात तो आड आला नाही. 1895 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती तेच. 1903 मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कडक पडदापद्धतीविरुद्ध निर्भयपणे मत मांडले. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

तय्यबजींना जाऊन शतक उलटले. पंथभेद मिटले नाहीत, आणि ते मिटलेच पाहिजेत असेही नाही. मेहरूणमध्ये आज इक्रा संस्थेचे महाविद्यालय आहे. वर्गातील बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलांना एकमेकांचा मसलक विचारण्याचे कारण नसते. ईदगाहावरील सफ घटकाभराची असते. शाळेची, दवाखान्याची, अडल्यानडल्यास धावून जाण्याची सफ वर्षभर टिकविता येते. एकमेकांस आलिंगन देताना बांधवांनी एवढे ध्यानी धरावे, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही सर्वांस ईद मुबारक म्हणतो.