स्टेला वॉल्श : दोन देशांची धावपटू

कोणाही थोर व्यक्तीचे चरित्र हाती घेतले की, ती कोण आणि कोठली, हे आपण प्रथम विचारतो. बहुतेकांच्या बाबतीत याचे उत्तर एका ओळीत देता येते. परंतु काही जीवनांत हेच दोन प्रश्न सर्वांत बिकट ठरतात. विख्यात धावपटू स्टेला वॉल्श हिचे जीवन अशांपैकी एक होय. तेच आज आम्ही आमच्या विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

स्टेलाचा जन्म सन १९११ मध्ये व्येझ्होव्न्या नामक पोलिश खेड्यात झाला. पोलंड त्या वेळी परतंत्र असून हा मुलूख रशियाच्या अंमलाखाली होता. तिचे मूळ नाव स्टानिस्लावा वालासिएविच. ती तान्ही असतानाच तिचे आईबाप अमेरिकेस जाऊन क्लीव्हलंड शहरी पोलिश वस्तीत स्थायिक झाले. वडील पोलादाच्या कारखान्यात कामगार होते. अमेरिकन जिभेस तिचे लांबलचक नाव पेलेना. तेव्हा शाळेत ती स्टेला वॉल्श झाली. घरी एक नाव व बाहेर दुसरे, अशी तिच्या आयुष्याची सुरुवात झाली.

शाळेच्या मैदानावरच तिच्या पायांतील विलक्षण वेग प्रकट झाला. सन १९३० मध्ये शंभर यार्डांचे अंतर तिने अकरा सेकंदांच्या आत तोडले. पुढे मंदीचे दिवस आले आणि तिची रेल्वे कंपनीतील नोकरी सुटली. अद्याप ती अमेरिकेची नागरिक झाली नव्हती. अशा समयी पोलंडच्या न्यूयॉर्क येथील वकिलातीत तिला काम मिळू लागले आणि तिने जन्मभूमीच्या वतीने धावण्याचा निश्चय केला. सन १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत तिने ११.९ सेकंदांत जिंकली. कॅनडाची हिल्डा स्ट्राइक हिचीही वेळ तितकीच नोंदली गेली. पण पंचांनी तिला दुसरी ठरविले.

चार वर्षांनी बर्लिन येथे मिसूरी प्रांतातील फुल्टन गावची शेतकऱ्याची मुलगी हेलन स्टीफन्स हिने स्टेलास मागे टाकले. हेलनची वेळ ११.५ व स्टेलाची ११.७ सेकंद होती. इतका वेग स्त्रीचा असणे शक्य नाही, अशी कुजबूज हेलनविषयी उठली. अधिकाऱ्यांनी तपासणी केली व ती स्त्रीच असल्याचा निर्वाळा दिला. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. कारण काळाने पुढे मोठी विचित्र उलटापालट केली.

सन १९४७ मध्ये स्टेला अमेरिकेची नागरिक झाली. पंचेचाळिसाव्या वर्षीही अमेरिकेच्या ऑलिंपिक संघासाठी ती निवड चाचणीत धावली; परंतु तिची निवड झाली नाही. पुढील काळ तिने क्लीव्हलंडमधील मुलामुलींना खेळ शिकविण्यात वेचला. ४ डिसेंबर १९८० रोजी, पोलंडहून येणाऱ्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या स्वागतासाठी फिती आणण्यास ती गेली असता चोरट्यांच्या गोळीने तिचा अंत झाला.

शवपरीक्षेत असे आढळले की, तिच्या शरीराची घडण जन्मतःच पूर्णपणे स्त्रीची वा पूर्णपणे पुरुषाची नव्हती. तिच्या पेशींतील गुणसूत्रेही सर्वत्र एकसारखी नव्हती. लागलीच वृत्तपत्रांत गदारोळ उठला. तिची पदके काढून घ्यावीत, असे काहींचे म्हणणे पडले. हिल्डा स्ट्राइकसारख्या प्रतिस्पर्धी स्त्रियांच्या बाजूनेही विचार करणे न्यायाचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जन्मापासून स्टेलाची गणना मुलीतच झाली होती. तिने कोणतेही सोंग घेतले नव्हते. जे शरीर लाभले, त्यासच तिने अपार कष्टाने घडविले. तिचे पदक आजही नोंदवहीत तिच्याच नावावर आहे.

तिच्या पश्चात शास्त्राने हा प्रश्न सोडविला, असेही नाही. ऑलिंपिकमध्ये सन १९६८ मध्ये सुरू झालेली गुणसूत्रांची सरसकट तपासणी सन १९९९ मध्ये बंद करण्यात आली. आणि सन २०२५ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संस्थेने स्त्रियांच्या स्पर्धांसाठी जनुकाची चाचणी पुन्हा आवश्यक केली. स्पर्धेस नियम हवेत, हे खरेच. पण नियम शोधणे हे विद्वानांचे काम आहे. कुजबूज करणे हे कोणाचेच काम नव्हे.

क्लीव्हलंडमधील तिच्या जुन्या वस्तीत एका क्रीडाकेंद्रास स्टेला वॉल्शचे नाव दिलेले आहे. ती कोठली, याचे उत्तर त्या वस्तीने आपल्यापुरते दिले आहे. ती कोण, याचे उत्तर देताना आम्ही इतकेच म्हणू की, ती ईश्वराने निर्मिलेली व परिश्रमाने मोठी झालेली एक व्यक्ती होती. आपल्या शाळेच्या मैदानावर कोणी इतरांहून निराळे दिसले, तर हसण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी तिची आठवण करावी.