मालवणचे आघारकर

पावसाळा सरला की महूहून पाताळपाण्याच्या वाटेने फिरावयास जाणाऱ्याच्या धोतरास, हल्ली विजारीस म्हणा, कुसळे चिकटल्यावाचून राहत नाहीत. ओटीवर बसून ती एकेक उपटावीत आणि गवताला शिव्या द्याव्यात, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. पुढे कळले की ओल लागली म्हणजे कुसळाचा पीळ उलगडतो आणि बी मातीत रुतते. मला जो उपद्रव, तो त्या गवताचा प्रवास! वनस्पती मूळची कोठली, ती पसरली कशी, या प्रश्नांच्या नादानेच मी प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या चरित्रापाशी पोहोचलो.

त्यांचा जन्म मालवणचा, १८ नोव्हेंबर १८८४ चा. (सुधारक आगरकर ते हे नव्हेत. पण यांची पुण्यातील संस्था नेमकी आगरकर रस्त्यावर आहे, त्यामुळे घोटाळा व्हावयाचा तो होतोच.) मुंबईस शिक्षण झाले, पण जीव रमला तो सह्याद्रीच्या ओढ्यानाल्यांत. तेथे त्यांना गोड्या पाण्यातील एक जेलीफिश सापडला. त्याचे भाऊबंद तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होते. १९१२ साली 'नेचर' पत्रात ही हकीकत आली आणि या तरुणाचे नाव झाले.

कलकत्ता विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राचे अध्यापक म्हणून निवडून त्यांना जर्मनीस पाठविले आणि तिकडे महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते स्थानबद्ध झाले. दुसरा एखादा खचला असता. यांनी सुटकेनंतर बर्लिनला एंग्लरांपाशी काम पुरे करून १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. साऱ्या जगातील वनस्पतींची कुळवार मांडणी करणारे हे एंग्लर. आघारकरांचा प्रबंध होता वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या व खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींवर : त्या आल्या कोठून, पसरल्या कशा. जेलीफिशपाशी निघालेला तोच प्रश्न!

कलकत्त्यास त्यांनी १९४६ पर्यंत शिकविले. त्या काळातच, १९३५ साली, भादुरींसमवेत केळीच्या गुणसूत्रांची संख्या तपासली. केवळ पानाफुलांवरून जात ठरविण्यावर ते थांबले नाहीत, हे मला विशेष वाटते.

निवृत्त माणसाने मालवणला जाऊन समुद्र पाहत बसावे. हे गृहस्थ पुण्यास आले आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे मानद संचालकपद त्यांनी पत्करले. पगार नाही, कटकटी मात्र साऱ्या. २ सप्टेंबर १९६० रोजी मृत्यू येईतो हे चालले. १९९२ पासून त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे, आणि तेथील वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहालाही.

अशा संग्रहात प्रत्येक कागदावर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. त्यावाचून वाळलेली काडी म्हणजे नुसता पाचोळा. गेल्या कार्तिकात कुसळे काढताना एक अनोळखी बी हाती आले. जाऊन त्याचे झाड शोधले, एक फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबली आणि खाली लिहिले : महू, पाताळपाण्याची वाट. तारीखही घातली. वनस्पतीच्या नावाची जागा अद्याप कोरी आहे.